मांजरेतलं बेट, दोन धारा आणि 1 मार्चचं पाणी

26 फेब्रुवारी, परभणी ते देगलूर

सकाळच्या गाडीने नांदेडला उतरले तेव्हा दादा स्टेशनबाहेर बोलेरो लावून उभाच होता, मामा पुढच्या सीटवर आणि मांडीवर त्यांची ती खाकी पिशवी. मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, उभी नोकरी भूकरमापक म्हणून केली, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण पिशवी अजून सुटली नाही, तिच्यात तीस मीटरची फीत, सुतळीचा गुंडा आणि एक डायरी कायम असतेच. मामींनी ज्वारीच्या दशम्या, भुरका आणि दह्याचा डबा दिलेला, त्यामुळे हॉटेलात थांबायचा प्रश्नच नव्हता.

ही ट्रिप कशी ठरली ते आधी सांगते. मी परभणीला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. डिसेंबरात नद्यांचा भाग चालू होता, त्यात एका मुलीने विचारलं की मॅडम, नदी दोन राज्यांच्या मधून जाते आणि मधेच वाळूचं बेट तयार झालं तर ते बेट कुणाचं? मुलगी बिलोली तालुक्यातली. मी पुस्तकी उत्तर दिलं, की साधारण मुख्य धारेची मधली रेघ धरतात, बेट रेघेच्या ज्या बाजूला पडेल त्यांचं. ती म्हणाली, पण धार तर दरवर्षी बदलते. आणि तिथे मी अडकले. रात्री मामांना फोन केला तर ते म्हणाले, "कागदावर नको शिकवू माय, चल एकदा, दाखवतो." मग फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला, कारण मला 1 मार्चला गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावर हजर राहायचंच होतं, का ते शेवटी येईलच.

नायगाव, नरसी करत देगलूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूला हरभरा काढणीला आलेला, कुठे कुठे करडई. नरसी फाट्यावर चहा घेताना मामांनी त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली जी मी याआधी कधीच ऐकली नव्हती. नदीकाठच्या एका शिवारात दोन्ही राज्यांची संयुक्त मोजणी होती, तेव्हा पलीकडे आंध्र. इकडून मामा आणि त्यांचे साहेब, तिकडून त्यांचे दोघं. दोघांकडे आपापली साखळी, एक साखळी म्हणजे 33 फूट आणि तिचे 16 आणे, आणि मोजलं तर दोन साखळ्यांच्या मापात फरक पडायला लागला. सकाळपासून दुपारपर्यंत वाद. शेवटी दोन्ही साखळ्या जमिनीवर शेजारी शेजारी ताणून ठेवल्या, तर एकीच्या कड्या वापरून वापरून ताणल्या गेल्या होत्या, ती लांब भरत होती. मी विचारलं कुणाची होती ती. मामा म्हणाले, "आमची." मग दिवसभर तिकडच्याच साखळीने मोजलं आणि दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. "अन् नकाशा तर दोघांकडं एकच होता, निजामाच्या टायमाचा. भांडण नकाशाचं नव्हतंच, साखळीचं होतं."

दुपारी देगलूरहून होट्टलला जाऊन आलो, चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ, काळा दगड आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती फारच सुंदर, पण आमचा विषय तो नसल्यामुळे जास्त लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी नक्की जावं एवढंच.

रात्री लॉजवर मी 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा फोनवर उघडून मामांना वाचून दाखवला. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला भारतात आलं हे आपण शाळेपासून शिकतो, मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदनही करतो, पण 1 नोव्हेंबर 1956 ला त्या राज्याचे तुकडे कसे पडले ते फारसं कुणी वाचत नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात आले, पण नांदेड जिल्हा सगळाच्या सगळा आला नाही. देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कल तिकडे गेली, मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलही गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि इस्लापूर सर्कल आपल्याकडे आलं. बिदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा आले. आता या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या भागापुरतं पाहिलं तर कायदा नदीचं नाव घेत नाही, तो तालुके आणि सर्कलची नावं घेतो. मामा उठून बसले आणि म्हणाले, "मंग झालं की. सर्कल म्हंजी गावं, अन् गाव म्हंजी शीव. राज्याची हद्द म्हंजी शेवटी दोन गावाची शीवच आसती."

हे ऐकून मला झोप लागली नाही. म्हणजे माझं वर्गातलं उत्तरच चुकीच्या जागेवरून सुरू झालं होतं.

27 फेब्रुवारी, मांजरा काठ

आजचा दिवस मोठा आहे, लिहायलाही मोठाच होणार.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर, धाराशिवकडून बिदरमध्ये जाते, तिथून तेलंगणात, तिथे सिंगूर आणि निजामसागर अशी दोन मोठी धरणं, आणि मग ती उत्तरेला वळून पुन्हा आपल्या नांदेड जिल्ह्याला येऊन भिडते. 724 किलोमीटरची नदी, आणि शेवटच्या टप्प्यात एका काठाला बिलोली तालुका आणि दुसऱ्या काठाला निजामाबाद जिल्हा. सगरोळी, येसगी, माचनूर, गंजगाव ही नावं आपल्याकडे लाल रेतीमुळे सगळ्यांना माहीत आहेत, नांदेडच काय लांब लांबच्या घरांच्या स्लॅबमध्ये ही रेती गेलेली आहे.

आम्ही ज्या गावाच्या शिवारात उतरलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्या म्हाताऱ्या जोडप्याविषयी लिहिणार आहे त्यांना त्रास नको.

गाडी काठावर लिंबाखाली लावली आणि दरडीवरून खाली उतरलो. पात्र रुंद, पण पाणी दोन पट्ट्यांतच. एक पट्टा आमच्या काठाला लागून, एक पार पलीकडे, आणि मधे वाळूचं लांबोळकं बेट, वरच्या टोकाला थोडी झाऊची झुडपं आणि बाकी सगळी हिरवी ठिपक्यांची रांगोळी. म्हटलं हे काय, तर मामा म्हणाले टरबुजाची वाडी.

चपला हातात घेऊन अलीकडची धार ओलांडली. बेटावर एक भोई आजोबा आणि त्यांची बायको वेलांना पाणी घालत होते. वाळूत हातभर खोल खड्डे घेतलेले, सरळ रांगेत, प्रत्येक खड्ड्यात शेणखत आणि गाळाची माती घालून दोन दोन वेल. वारं आणि उडती वाळू अडवायला पऱ्हाटीचं कुंपण आणि त्याला जुन्या लुगड्याचे पट्टे बांधलेले. वेलाला लिंबाएवढी फळं धरली होती, बारीक लव असलेली. मावशी प्रत्येक फळाखाली चिपाडाचं बूड देत होत्या, का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रेती तापती ना बाई, फळ भाजून निघतंय खालून." तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून झारी केलेली, आणि पाणी आणायला लांब जायचं नाही, खड्ड्याच्या शेजारी आणखी एक खड्डा खोदला की वाळूतूनच पाणी लागतं.

मामांनी विचारलं, "इथं शीव कुठं आहे बाबा?"

आजोबांनी हातातला डबा खाली ठेवला. "शीव? शीव त्यायच्या कागदात आसंल. मी बापापासून इथंच लावूलालो. कधी बेट इकडं सरकतंय कधी तिकडं, आमी बेटामागं." मग म्हणाले, रेशन आमचं इकडं, मत इकडं, पण फळ जास्त बोधनला विकतं, आणि पोरगी दिली तीही तिकडेच. आणि शेवटी जे म्हणाले ते मी तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं. "टरबूज कुणाच्या राज्यात लावलं म्हणून आजपोतर कुणी इचारलं नाई. रेतीचं मातर इचारतेत."

रेतीचं मी जास्त लिहीत नाही, पण एवढं तर स्पष्ट दिसतं की बेटाला किंमत आली की हद्दीला किंमत येते. नुसती झाऊ उगवत होती तोवर बेट कुणाचं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मग मामांनी पिशवी उघडली. आधी अलीकडच्या धारेची रुंदी फितीने, दादा एका टोकाला आणि ते दुसऱ्या, 19 मीटर. सगळ्यात खोल जागी माझ्या गुडघ्याच्या खाली. मग बेट ओलांडून पलीकडच्या धारेला गेलो, तिथे फीत पुरेना म्हणून सुतळीला गाठी मारून मोजलं, 34 मीटर भरली, आणि दादाला मधे कमरेएवढं पाणी लागलं. मग पळसाची वाळलेली पानं सोडली आणि दहा मीटरला किती वेळ लागतो ते फोनवर धरलं, अलीकडे 40 सेकंद, पलीकडे 22. डायरीत सगळं लिहून झालं.

मी हे बघत उभी होते आणि मला भरून आलं, कारण एका सत्तरीच्या माणसाने मांजरेत सुतळी आणि पानं घेऊन जे केलं तेच द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने केलेलं आहे. तिथेच वाळूत बसून दशमी खाता खाता मी त्यांना ती सगळी हकीकत सांगितली.

आफ्रिकेत चोबे नावाची नदी आहे, तिच्या दक्षिणेला बोट्स्वाना आणि उत्तरेला नामिबिया. नदीत साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचं एक सपाट बेट. नामिबियावाले त्याला कासिकिली म्हणतात, बोट्स्वानावाले सेदुदू. बेटाच्या दोन्ही अंगाने नदी वाहते, एक उत्तरेची धार, एक दक्षिणेची, आणि पुराच्या महिन्यांत बेट पाण्याखाली जातं. तिथली हद्द कुणी ठरवली तर इंग्लंड आणि जर्मनीने, 1 जुलै 1890 च्या तहात. इंग्रजी मजकुरात लिहिलं होतं मुख्य प्रवाहाचा मध्य, जर्मन मजकुरात मुख्य धारेचा थालवेग, म्हणजे सगळ्यात खोल भागाची रेघ. पण मुख्य धार कोणती, उत्तरेची का दक्षिणेची, हे लिहायचं राहून गेलं. पुढे इंग्रजही गेले, जर्मनही गेले, बोट्स्वाना 1966 ला स्वतंत्र झाला, नामिबिया 1990 ला, आणि त्या एका न लिहिलेल्या शब्दावरून दोन शेजारी समोरासमोर आले.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची. ते भांडत बसले नाहीत, आधी दोघांनी मिळून तज्ज्ञांची एक समिती नेमली, तिच्याने सुटेना तेव्हा 1996 मध्ये दोघांनी एकत्र करार करून प्रकरण न्यायालयात नेलं, म्हणजे कुणी कुणाला कोर्टात खेचलं नाही, दोघं मिळून गेले. न्यायालयाने काय पाहिलं तर कोणती धार खोल, कोणती रुंद, कुठून पाणी जास्त जातं, तळ कसा आहे, नाव कुठून चालते. 13 डिसेंबर 1999 ला निकाल आला, 11 विरुद्ध 4, उत्तरेची धार मुख्य, म्हणून बेट बोट्स्वानाचं.

मामांनी लगेच विचारलं, "कव्हाचं पाणी धरलं? पुराचं का उन्हाळ्याचं?" हा प्रश्न मोजणीवाल्यालाच पडू शकतो. उत्तर असं की पुराची पातळी धरायची नाही, पाणी कमी असतानाची रेघ धरायची असं न्यायालयाने सांगितलं, कारण पुरात बेटच बुडतं मग धारा दोन राहतच नाहीत. मामांना हे फार पटलं, दोन वेळा मान हलवली.

आजोबाही ऐकत होते. त्यांनी विचारलं, "त्या बेटावर कुणी लावत होतं का काई?"

होतं. नामिबियाच्या बाजूचे मासुबिया लोक पूर ओसरला की त्या बेटावर येऊन शेती करायचे, पिढ्यान् पिढ्या. नामिबियाने तेच पुढे केलं की आमची माणसं कसत आली आहेत म्हणून बेट आमचं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. म्हणाले ते लोक आपल्या पोटासाठी येत होते, सरकारच्या वतीने मालकी सांगायला नाही, त्यामुळे त्यांच्या येण्याने बेटाचा मालक ठरत नाही. हे सांगताना माझा आवाज थोडा बारीक झाला कारण समोर आजोबांचा हात वेलाच्या बुडाशी होता. ते एवढंच म्हणाले, "आसंच ऱ्हातंय."

पण निकालात आणखी एक भाग आहे आणि तो एकमताने दिलेला आहे. दोन्ही देशांची माणसं आणि दोन्ही देशांच्या नावा, दोन्ही धारांमध्ये, त्यांना सारखीच वागणूक मिळेल. बेट एकाचं झालं पण पाणी दोघांना मोकळं ठेवलं. मला वाटतं निकालाचा जीव या वाक्यात आहे, आणि वर्गात शिकवताना आपण नेमकं हेच गाळतो.

निघताना मी मामांना विचारलं की मग हे बेट कुणाचं? आत्ताच्या मापाने पलीकडची धार मोठी आहे, म्हणजे मुख्य धारेचा नियम लावला तर बेट आपलं. आजोबा मधेच म्हणाले पाच सालाखाली अलीकडची धार मोठी होती, पलीकडून तर कोरड्या पायानं जाता यायचं. म्हणजे त्या साली बेट त्यांचं. आणि रात्रीच्या कायद्याप्रमाणे पाहिलं तर धारेचा संबंधच नाही, गावनकाशातली शीव जिथून जाते तिथून, मग ती टरबुजाच्या वाडीच्या मधून का जाईना. मामा म्हणाले, "गावनकाशा हातात नसताना मी बोट दाखवणार नाई." पुन्हा विचारलं तरी तेच. चाळीस वर्षं मोजणी केलेला माणूस पाण्यात उभा राहून बोट दाखवत नाही, हे मला मुलांना सांगायचं आहे.

आजोबांनी होळीनंतर या म्हणून सांगितलं, तोवर फळं तयार होतील.

28 फेब्रुवारी, येसगी, कंदकुर्ती, बासर

येसगीचा पूल ओलांडला की साळुरा, पाट्या एकदम तेलुगूत, पण चहावाला मराठीत बोलतो आणि बिलोलीकडचा दुकानदार तेलुगूत, इकडे रोटीबेटीचा व्यवहार असा आहे की भाषेची शीव कुठे आहे ते मामांच्या फितीलाही सापडणार नाही. मधल्या काही वर्षांत आपल्या बाजूच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला तेलंगणात घाला म्हणून मागणी केली होती ती याच पट्ट्यातली, शेतकऱ्यांना तिकडे मिळणाऱ्या योजना समोर दिसतात, पुलाच्या पलीकडेच, त्यामुळे मला त्यात नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं.

बोधनवरून कंदकुर्तीला गेलो. इथे मांजरा गोदावरीला मिळते, हरिद्रा धरून त्रिवेणी संगम मानतात. पात्रात एक जुनं दगडी शिवाचं देऊळ आहे, पाणी वाढलं की बुडतं आणि उतरलं की पुन्हा वर येतं. घाटावर बसून मला न्यू मूरची आठवण झाली, बंगालच्या उपसागरात हरियाभंगा नदीच्या तोंडाशी 1970 च्या चक्रीवादळानंतर वर आलेलं बेट, बांगलादेशात त्याला दक्षिण तालपट्टी म्हणतात. भारताने 1981 मध्ये तिथे झेंडा लावला, दोन्ही देश तीस वर्षं दावा सांगत राहिले, आणि 2010 पर्यंत ते बेट पाण्याखाली गेलेलं होतं. 7 जुलै 2014 ला लवादाने सागरी हद्द ठरवली तेव्हा बेट म्हणून तिथे काही उरलंच नव्हतं.

मग गोदावरी ओलांडून बासरला मुक्काम. सरस्वतीचं दर्शन घेतलं, अक्षराभ्यासाला आलेली लहान लहान पोरं तांदळात बोट फिरवत होती, फार गोड दृश्य.

रात्री जेवताना मामांशी माझा खरा वाद झाला आणि तो अमेरिकेतल्या एका बेटावरून. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन शेजारी राज्यांनी 1834 मध्ये आपसात करार केला, हद्द हडसन नदीच्या मधून, पण एलिस बेट रेघेच्या न्यू जर्सीच्या बाजूला असूनही न्यूयॉर्कचंच राहील. तेव्हा ते बेट जेमतेम तीन एकराचं. 1892 पासून तिथे परदेशातून येणाऱ्या लोकांची नोंदणी सुरू झाली, 1954 पर्यंत 1 कोटी 20 लाख माणसं तिथून गेली, आणि जागा पुरेना म्हणून केंद्र सरकारने भराव टाकत टाकत बेट साडेसत्तावीस एकरांचं केलं. मग वाढलेली जमीन कुणाची? न्यू जर्सी 1993 मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेली, आपल्याकडे राज्य विरुद्ध राज्य दावा 131 व्या कलमाखाली थेट सुप्रीम कोर्टात जातो तसंच. 26 मे 1998 ला सहा विरुद्ध तीन असा निकाल झाला, 1834 चं मूळ बेट न्यूयॉर्कचं, भराव सगळा न्यू जर्सीचा. नदीने हळूहळू आणून टाकलेल्या गाळाने काठ सरकला तर हद्द सरकते, पण एकाएकी किंवा माणसाने भर टाकून जमीन वाढवली तर जुनी रेघ हलत नाही, हे तत्त्व. त्यामुळे रेघ मुख्य इमारतीच्या मधूनच गेली. कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सुचवलं होतं की इमारत दुभंगू नये म्हणून रेघ थोडी सरकवून घ्या, पण कोर्ट म्हणालं राज्यांनी केलेला करार आम्ही बदलू शकत नाही.

मामा म्हणाले, बराबर केलं, मोजणीवाला सोय बघत नाही, खूण बघतो, एकदा सोय बघायला लागलास की ज्याची सोय मोठी त्याची हद्द.

मी म्हटलं मामा, रेघ हलवू नका हे कबूल, पण रेघेवर ज्याची वाडी आहे त्याचं काय? कासिकिलीच्या निकालात पाणी मोकळं ठेवलं तसं वाळूत लावणाऱ्याला मोकळं का नको? धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा करायला सरकार परवानगी देतंच की, मग दोन कलेक्टरांनी बसून एक कागद का करू नये, की शीव नकाशात आहे तिथेच राहील आणि बेटावर भोयांची वाडी दोन्हीकडून चालेल? मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद कर माय. पण कागदात तारीख टाक. तारखेबिगर कागद म्हंजी पाण्यावरची रेघ."

1 मार्च, बाभळी

पहाटेच निघालो. धर्माबादमध्ये मिरचीचा खाट असा की गाडीच्या काचा लावूनही ठसका येतो.

बाभळी बंधारा बेट नाही, पण दोन शेजारी राज्यांचं भांडण मिटलं कसं हे बघायला यापेक्षा चांगली जागा मराठवाड्यात नाही. पलीकडे गोदावरीवरच पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरण, 26 जुलै 1963 ला नेहरूंनी त्याची कोनशिला बसवली, त्याचं पाणी मागे मागे येत आपल्या हद्दीत शिरतं. आणि आपला बंधारा नेमका त्याच बुडीत पट्ट्यात बांधला. आंध्र म्हणालं हे आमच्या धरणाचं पाणी अडवायलेत, आपण म्हणालो 1975 च्या करारातलं आमच्या वाट्याचं पाणी आम्ही घेऊलालाव. 2006 मध्ये आंध्रने सुप्रीम कोर्टात दावा लावला. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडू त्यांच्या आमदारांसह बंधारा बघायला निघाले तेव्हा त्यांना सीमेवर ताब्यात घेऊन धर्माबादलाच ठेवलं होतं, दादा सांगत होता की त्या दिवसांत या रस्त्याने जाणं सुद्धा अवघड झालं होतं.

28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला, आणि तो मला कालपासून वेगळाच दिसायला लागला आहे. त्यात बंधारा कुणाचा यावर फार शब्द नाहीत, तारखा आहेत. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, पावसाळ्याचं पाणी अडवायचं नाही. साठा 2.74 टीएमसीच्या वर नाही. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. आणि देखरेखीला तिघांची समिती, केंद्रीय जल आयोगाचा एक, दोन्ही राज्यांचा एकेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तर 0.6 म्हणजे साठ कोटी घनफूट पाणी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, आपल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोरून.

बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा दोन्हीकडचे इंजिनिअर आलेले होते, गाड्यांच्या नंबर प्लेटवरून कळत होतं कोण कुठला. काठावर आपल्याकडचे पाच-सहा शेतकरी. त्यातल्या एका काकांना मी विचारलं की वाईट वाटतं का. म्हणाले, "वाटतंच की. आमची मोटर उघडी पडती मार्चात. पण एक तारखेला जाणार हे म्हाईत असतंय, म्हणून आमी उसाच्या नादी लागत नाई, हरभरा काढून मोकळे." मला हे उत्तर घरी नेण्यासारखं वाटलं. पाणी जातंय याचं दुःख आहे आणि ते खरं आहे, आपल्याकडच्या लोकांचा हक्काचा घास आहे तो, पण कधी जाणार हे माहीत असलं की माणूस त्याप्रमाणे पेरतो.

मग मोटर सुरू झाली. 14 दरवाज्यांचा बंधारा, पहिला दरवाजा वर सरकायला लागला तेव्हा आधी नुसता करकर आवाज, मग खालच्या फटीतून पाण्याची पांढरी पट्टी, आणि बघता बघता पाणी खालच्या दगडांवर आपटून काठापर्यंत तुषार यायला लागले. पलीकडचे एक इंजिनिअर कठड्याला टेकून पातळीची पट्टी बघत होते, आपल्याकडचे त्यांच्या शेजारी. दोघं एकाच पट्टीकडे बघत होते आणि आकडा दोघांनी आपापल्या कागदावर लिहिला. मी मामांकडे पाहिलं. त्यांचीही नजर त्या पट्टीवरच होती.

त्यांनी खाकी पिशवीतून डायरी काढली, परवाच्या पानावर मांजरेच्या दोन धारांची मापं होती, 19 आणि 34, त्याच्या खाली त्यांनी वेळ टाकली आणि लिहिलं, पाणी सुटलं, दोन्हीकडचे हजर. मग मला विचारलं की होळी किती तारखेला आहे, आणि तीही लिहून ठेवली, पुढे फक्त, टरबूज.

परत येताना मामा म्हणाले, तवर मी त्या गावाचा नकाशा काढून ठेवतो, नक्कल मागायला अर्ज उद्याच देतो.